ब्रेकचे पॅड आणि ब्रेकचे तेल : बाजारातील गाडी व शर्यतीचे मैदान

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे दरवर्षीप्रमाणे धान्यबाजारावर लेख मागितला होता. तूर आणि ज्वारी यांच्या भावांविषयी आम्ही या पानांतून पुष्कळ लिहिले आहे, आणि ते वाचून कोणाचा तोटा टळला असे अद्याप ऐकिवात नाही. म्हणून यंदा निराळा विषय घेतला आहे. आमच्या सभासदांपैकी बहुतेकांच्या दारी आज मोटार आहे, गोदामाशी मालाची लहान गाडी आहे, आणि घरातील तरुण पिढीस वेगाची हौस आहे. या तिन्ही गोष्टी ज्या एका वस्तूवर विसंबून आहेत, ती वस्तू विकत घेताना मात्र आपण दोन रुपयांच्या सुतळीस लावतो तितकीही परीक्षा लावीत नाही. ती वस्तू म्हणजे ब्रेक. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नाही. दोन प्रसंग घरात घडले, त्यानंतर जाणत्या मिस्त्रींस विचारून व मिळाली ती पुस्तके वाचून जे कळले, तेच येथे मांडीत आहोत.

आमचा सुलतान बाजार एकेकाळी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जात असे. १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत आला आणि त्यास हे नाव पडले. त्या काळी बग्ग्यांसाठी व टांग्यांसाठी आखलेल्या रुंदीतून आज मोटारी, रिक्षा, हातगाड्या आणि सणाच्या खरेदीस निघालेली माणसे एकाच वेळी चालतात. येथे ब्रेक दर दहा पावलांस लागतो, पण गाडीचा वेग माणसाच्या चालीहून फारसा अधिक नसल्यामुळे तो कधी तापतच नाही. शर्यतीच्या मैदानावर नेमके उलट घडते. तेथे ब्रेक लागतो तो क्वचित, परंतु लागतो तेव्हा पूर्ण बळाने, आणि पुन्हा थंड होण्यापूर्वीच पुढचे वळण येते. एका ठिकाणी ब्रेक नेहमी थंड, दुसऱ्या ठिकाणी नेहमी तापलेला. पॅड कोणते व तेल कोणते, हा सारा विचार या एका भेदातून निघतो.

शर्यत म्हटली की ती मद्रासकडे किंवा परदेशात, अशी आपली समजूत होती. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ती आपल्या हुसेनसागराच्या काठी आली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची फॉर्म्युला ई ही जागतिक स्पर्धा तेव्हा भारतात प्रथमच झाली. अठरा वळणांचा आणि सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा मार्ग नेहमीच्या रस्त्यांवरच आखला होता, आणि फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न पहिला आला. पुढील वर्षीची नियोजित शर्यत रद्द झाली, ही गोष्ट निराळी. पण त्या एका दिवसाने शहरातील अनेक तरुणांच्या डोक्यात वारे भरले, आणि त्यांत आमचा नातूही होता. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे ३.७ किलोमीटरचे मैदान १९९० पासून आहे, आणि तेथे हौशी लोकांस ठराविक दिवशी स्वतःची गाडी पळविता येते, असे त्याने आम्हांस सांगितले. सार्वजनिक रस्त्यावर वेडेपणा करण्यापेक्षा बंदिस्त मैदानावर हौस फेडावी हे बरे, असा विचार करून आम्ही संमती दिली. त्याची कथा पुढे येईल. आधी हिशेब.

उष्णतेचा जमाखर्च

ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो, ते अपुरे आहे. गाडीच्या अंगी असलेला वेग नाहीसा होत नाही. ब्रेक त्याची उष्णता करतो. जमेच्या बाजूस जेवढा वेग, खर्चाच्या बाजूस तेवढी उष्णता, यात एक पैचाही फरक पडत नाही. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबविली तर जी उष्णता निघते तिने अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी उकळू लागेल. तीच गाडी ताशी १०० वरून थांबविली तर दीड लिटर पाणी उकळेल. वेग दुपटीहून कमी वाढला, पण उष्णता पावणेतीन पटींच्या आसपास गेली. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १२० वरून थांबताना साठच्या नेमकी चौपट. हा वर्गाचा नियम शाळेत आम्ही पाठ केला होता, पण त्याचा अर्थ साठी उलटल्यावर कळला.

ही उष्णता मुख्यतः पुढच्या दोन चाकांतील लोखंडी डिस्कमध्ये जाते, कारण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. पुढच्या दोन डिस्क मिळून बारा किलोच्या धरल्या, तर ताशी शंभरवरून एकदा थांबताना त्या सुमारे साठ अंशांनी तापतात. रस्त्यावर हे एकदा घडते आणि पुढे दोन-तीन मिनिटे वारा लागून डिस्क निवते. मैदानावर हे एका फेरीत पाचसहा वेळा घडते, आणि फेऱ्या आठ-दहा असतात. मग डिस्क चारशे-पाचशे अंशांवर गेली तर नवल नाही.

परंतु वाचकांनी असे समजू नये की हे हौशी पोरांचे प्रकरण आहे. आपल्या धंद्यातही एक शर्यतीचे मैदान आहे, आणि त्याचे नाव घाट. पंचवीस टनांची भरलेली लॉरी बोरघाटातून खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरते तेव्हा ती सुमारे पाचशे मीटर खाली येते. वाऱ्याचा व रस्त्याचा रोध बाजूस ठेवला आणि ही सारी उतरण केवळ ब्रेक दाबून केली असे मानले, तर निघणारी उष्णता चारशे लिटर पाणी उकळण्यास पुरेल. म्हणजे डिझेलची दोन मोठी पिपे भरून पाणी! म्हणूनच जाणते चालक उतरतानाही चढावाचाच गियर ठेवतात आणि इंजिनाकडून गाडी अडवून घेतात. मोठ्या लॉरींचे ब्रेक हवेच्या दाबाचे असतात, त्यांत तेल नसते. पण लायनर तापून निकामी होण्याचे भय तेथेही तितकेच आहे. आपल्या गोदामांशी असलेली पिकअप किंवा जिला सारा बाजार छोटा हाथी म्हणतो ती गाडी, यांचे ब्रेक मात्र तेलाचेच असतात.

आता पहिला प्रसंग. २०१६ च्या डिसेंबरात आम्ही सात माणसे घरच्या गाडीने श्रीशैलमचे धरण पाहण्यास निघालो होतो. मन्ननूरच्या पुढे नल्लमल्लाचे जंगल लागते, आणि दोमलपेंट मागे पडले की कृष्णेच्या पात्राकडे रस्ता वळणावळणाने उतरू लागतो. आमचा चालक वीस वर्षांचा जुना, विश्वासू माणूस. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की डिझेल वाचते अशी त्याची समजूत होती, आणि लाजेची गोष्ट अशी की या काटकसरीबद्दल आम्हीच त्यास पूर्वी शाबासकी दिली होती. अर्धा घाट उतरल्यावर तो एकाएकी गप्प झाला. मग म्हणाला, “शेठजी, पाय आत चाललाय.” ब्रेकचे पायडल दाबले की ते लोण्यात बोट जावे तसे तळापर्यंत जात होते, आणि गाडी वेग घेत होती. त्याने कसाबसा गियर टाकला, हातब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घालून थांबविली. कोणास इजा झाली नाही. मागच्या आसनावर आमची दोन नातवंडे झोपलेली होती. ती उठलीदेखील नाहीत.

खरा धडा पुढे आहे. तासाभराने चालकाने पायडल दाबून पाहिले तर ते पूर्ववत् कठीण झालेले! खाली भेटलेल्या मिस्त्रीने गाडी पाहून ब्रेक उत्तम आहे असे सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. पायडल तळास जाणे आणि निवल्यावर आपोआप परत येणे, ही ब्रेकचे तेल उकळल्याची खूण होय. तेल उकळले की नळीत वाफ होते. तेल दाबले जात नाही पण वाफ दाबली जाते. म्हणून पायाचे बळ चाकापर्यंत पोचतच नाही. थंड होताच वाफेचे पुन्हा तेल होते आणि पुरावा नाहीसा होतो. याउलट पायडल कठीण राहते, पाय आत जात नाही, तरी गाडी थांबत नाही, अशी अवस्था आली तर दोष तेलाचा नसून पॅडचा असतो. पॅड आपल्या मर्यादेपलीकडे तापून त्याची पकड सुटलेली असते. हे दोन रोग निराळे आहेत व त्यांची औषधे निराळी आहेत. ज्यास तेल बदलावयास हवे तो महागडे पॅड घेऊन येतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

हैदराबादेस परतल्यावर तेल काढून पाहिले. नवे तेल मधासारखे पारदर्शक असते. आमचे काढ्यासारखे काळपट झाले होते. जुनी बिले काढली तेव्हा दिसले की चार वर्षांत ते एकदाही बदललेले नव्हते. गाडी दुरुस्तीच्या कारखान्याने एकदा ते बदलण्याची सूचना लिहिली होती, आणि त्या ओळीवर आमच्याच हातची काट होती. काही शेकडा रुपयांची बचत! डिझेलच्या काटकसरीचेही नंतर कळले : हल्लीच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये ठेवून उतरविली आणि पाय काढला की इंधन पूर्ण बंद होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यास ते खर्चच होते. म्हणजे जी बचत समजत होतो तीही नव्हती.

तेलातील ओल

ब्रेकच्या तेलास आपण तेल म्हणतो, पण ते खाण्याच्या किंवा इंजिनाच्या तेलासारखे नव्हे. ते ग्लायकोल जातीचे द्रव्य आहे. इंजिनाचे तेल चुकून त्यात पडले तर आतील रबर फुगून सर्व यंत्रणा बाद होते. आणि या द्रव्याचा एक स्वभाव धान्याच्या व्यापाऱ्यास विशेष समजेल : ते हवेतील ओल शोषून घेते. मिठाचे पोते पावसाळ्यात पाझरते, गूळ सुटतो, तसेच हे. झाकणाच्या छिद्रातून व रबरी नळ्यांच्या अंगातून पाण्याचा अंश आत शिरत राहतो. गाडी चालो वा दारी उभी राहो.

आपल्याकडे गहू आला की प्रथम दाताखाली धरतात, मग ओलीचे यंत्र लावतात. बारा टक्क्यांपर्यंतचा माल निर्धास्त थप्पीस लागतो. चौदाच्या वर गेला की थप्पीच्या पोटात ऊब धरते, कीड व बुरशी येते. बाहेरून पोते तसेच दिसते. ब्रेकच्या तेलास तर चार टक्केही सोसत नाहीत. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने ठरविलेली प्रमाणे सर्व जगात चालतात आणि बाटलीवर ‘डॉट’ या अक्षरांपुढे अंक छापलेला असतो, तो त्याच प्रमाणांचा. नवे, कोरडे तेल किती अंशांवर उकळते आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर किती अंशांवर उकळते, असे दोन आकडे प्रत्येक प्रतीस नेमून दिले आहेत. डॉट ३ कोरडे असता किमान २०५ अंश सेल्सिअस, ओले असता १४०. डॉट ४ साठी २३० व १५५. डॉट ५.१ साठी २६० व १८०. वाचकांनी दुसरा आकडा पाहावा, कारण गाडीत दोन वर्षे राहिलेले तेल ओल्याच्याच वाटेवर असते. इतक्या थोड्या पाण्याने उत्कलनबिंदू पंच्याहत्तर अंशांनी खाली येतो ही गोष्ट आम्हांस प्रथम खरी वाटली नव्हती.

डॉट ३, ४ आणि ५.१ ही एकाच कुळातील असल्याने एकमेकांत मिसळली तरी अनर्थ होत नाही. मात्र उत्तमात कनिष्ठ मिसळून उत्तम मिळत नाही, हे आपल्या बाजारात सांगावयास नको. डॉट ५ हे मात्र नावाने जवळचे असूनही सर्वस्वी परके, सिलिकोनचे आहे. ते पाणी शोषीत नाही म्हणून काही जण मोहात पडतात. परंतु आत आलेले पाणी त्यात विरघळत नसल्यामुळे थेंब होऊन खालच्या भागी साचते आणि शंभर अंशांवरच उकळते. ग्लायकोलच्या गाडीत ते घालू नये. ५ आणि ५.१ यांमधील त्या एका टिंबाकडे दुकानात नीट लक्ष द्यावे.

शर्यतीची तेले याहून वरची असतात. मोतुल कंपनीचे आरबीएफ ६०० कोरडे असता ३१२ अंशांवर उकळते आणि ओले असता २१६ वर. कॅस्ट्रॉलचे एसआरएफ अनुक्रमे ३२० व २७० वर. मग तेच नेहमीसाठी का भरू नये, असा प्रश्न नातवाने केला होता. उत्तर असे की मैदानावरील लोक हे तेल वर्षातून अनेकदा बदलतात, कित्येक दर शर्यतीस. त्यांस पहिला आकडा हवा असतो. दोन-दोन वर्षे तेल न बदलणाऱ्या गृहस्थास तो आकडा पहिल्या पावसाळ्यापुरताच लाभतो. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींस चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली आहे. तिच्या बारीक झडपांतून तेल झटपट वाहावे लागते आणि शर्यतीची काही तेले थंडीत दाट होतात. गाडीच्या पुस्तिकेत जी प्रत लिहिली असेल ती, फार तर तिच्याहून एक पायरी वरची, आणि दर दोन वर्षांनी बदल, हा क्रम नेहमीच्या गाडीस पुरेसा आहे. बदलणे म्हणजे वरून भर घालणे नव्हे. जुने तेल चारही चाकांशी पूर्ण काढून, एअर काढून, नवे भरावयाचे. बाटली एकदा फोडली की उरलेले तेल कपाटात ठेवू नये. ते तेथेही ओल पितच असते. आम्हां व्यापाऱ्यांस अर्धी बाटली टाकणे जिवावर येते, परंतु येथे इलाज नाही.

पॅड थंड आणि पॅड गरम

पॅड म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारी घर्षणाची वडी. तिच्यात तंतू, धातूचा चुरा, ग्रॅफाइट आणि त्यांस बांधून ठेवणारी राळ असते. ही राळ आपल्या मर्यादेपेक्षा तापली की तिच्यातून वायू सुटतो आणि पॅड डिस्कवर घसरू लागते. घरगुती गाडीची पॅड पहिल्या दाबालाच धरतात, आवाज करीत नाहीत, डिस्क खात नाहीत. पण साधारण तीनशे-साडेतीनशे अंशांपलीकडे त्यांवर भिस्त ठेवता येत नाही. धातूचा अंश अधिक असलेली पॅड अधिक उष्णता सोसतात, पण काळी भुकटी पुष्कळ सोडतात. सिरॅमिक म्हणून विकली जाणारी पॅड शांत व स्वच्छ असतात. ‘सिरॅमिक’ या नावामुळे ती शर्यतीची असावीत अशी समजूत होते, ती चुकीची आहे. खास शर्यतीची पॅड सहाशे अंशांपलीकडेही पकड सोडीत नाहीत, पण त्यांतील पुष्कळ जाती दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय मुळी पकड धरीतच नाहीत. जागतिक शर्यतींतील कार्बनचे ब्रेक हजार अंशांच्या जवळ लाल होऊन चालतात. ते थंड असता त्यांपेक्षा टांग्याचा ब्रेक बरा.

दुकानात हे कळावे कसे? पुष्कळ पॅडांच्या कडेवर इतर अंकांबरोबर दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर कमी तापमानावरील पकडीचे, दुसरे अधिक तापमानावरील. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफएफ’ असेल तर दोन्ही अवस्थांत मध्यम आणि सारखी पकड. ‘एफई’ असेल तर तापल्यावर ती घटणार. मोठे अक्षर म्हणजे चांगला माल असेही नव्हे, कारण ही परीक्षा लहान तुकड्यावर केलेली असते, आणि झीज किंवा आवाज यांविषयी ती काही सांगत नाही. तरी ज्या पॅडवर अक्षरे नाहीत, कंपनीचे नाव नाही आणि भाव निम्मा आहे, ते घेऊ नये. जुन्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरली. आजही चाकातील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकून काढू नये. ओल्या फडक्याने पुसावी, आणि आपल्या मिस्त्रीसही तसे सांगावे.

डिस्क ब्रेक घरगुती गाडीत आला तो शर्यतीच्या मैदानावरूनच, हे येथे सांगितले पाहिजे. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारच्या गाडीने डनलॉपच्या डिस्क ब्रेकांच्या बळावर जिंकली. ड्रमच्या गाड्यांस लांब सरळ रस्त्याच्या शेवटी फार आधीपासून वेग कमी करावा लागे आणि रात्र सरता सरता त्यांचे ब्रेक थकत. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, सित्रोएनने डिस्क ब्रेक आपल्या घरगुती मोटारीस लावले. तेव्हा मैदानावरून आलेली वस्तू म्हणजे हौसच, असे म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की ती वस्तू आपल्या रस्त्यासाठी बदलून आली आहे की जशीच्या तशी.

नातवाने जशीच्या तशी आणली होती. २०२४ च्या जानेवारीत मैदानावर जाण्यासाठी त्याने शर्यतीची पॅड बसविली, तेल बदलले आणि जाऊन आला. गाडी उत्तम चालली, एकदाही पाय आत गेला नाही, असे मोठ्या आनंदाने सांगितले. परंतु परत आल्यावर ती पॅड त्याने काढली नाहीत. गाडी गल्लीत शिरली की कोणी लोखंडी कपाट ओढीत आहे असा आवाज येई; घरातील स्त्रियांनी तीत बसण्याचे सोडले. तरीही आम्ही गप्प राहिलो. मग एके दिवशी पहाटे, थंडीत, तो आम्हांस मंदिरात नेत असता बडी चावडीजवळ भाजीची हातगाडी आडवी आली. वेग जेमतेम तीस. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. म्हणजे थांबली, पण दुसऱ्यांदा पूर्ण बळाने दाबल्यावर, आणि हातगाडीपासून वीतभर अंतरावर. गाडी ढकलणाऱ्या बाईने आमच्याकडे पाहिले, टोपली सारखी केली आणि ती निघून गेली. नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबा, मैदानावर हीच पॅड भिंतीसारखी धरत होती.” ते खरेच होते. तेथे ती तापलेली होती.

आपल्या शास्त्रात मुनींसाठी ईर्यासमिती सांगितली आहे : पुढील चार हात भूमी पाहून, जीवजंतू वाचवून पाऊल टाकावे. आपण गृहस्थ इतके पाळू शकत नाही. पण मोटारीचे चार हात किती, हे तरी ठाऊक असावे. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात पावणेसतरा मीटर जाते. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद सरतो, आणि पुढे कोरड्या रस्त्यावर, ब्रेक व टायर उत्तम असता, थांबण्यास आणखी वीस मीटर लागतात. एकूण छत्तीस-सदतीस मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी हात. थंड पॅड पहिल्या क्षणी धरीत नसतील तर त्यांत किती भर पडेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

त्या दिवसानंतर घरात जी व्यवस्था ठरली ती सांगतो. नेहमीच्या वापरास कंपनीची मूळची पॅड. मैदानावर जावयाचे असेल तर दुसरा संच डब्यात घालून बरोबर न्यावयाचा, तेथेच बसवावयाचा आणि परतीपूर्वी तेथेच उतरवावयाचा. पुढच्या चाकांची पॅड बदलण्यास सरावलेल्या हातास तासाभराचे काम असते. नव्या पॅडची डिस्कशी ओळख व्हावी लागते : मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, ब्रेक लावावा आणि मग गाडी चालू ठेवूनच निवू द्यावी. असे केल्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. तो न बसविता एकदम जोर केला तर थर ठिकठिकाणी चिकटतो आणि पायडल थरथरू लागते. लोक डिस्क वाकली समजून नवी आणतात. ज्यास ही उठाठेव नको, आणि वर्षातून एकदाच जावयाचे आहे, त्याने रस्ता व मैदान या दोहोंच्या मधल्या जातीची, थंडीतही धरणारी पॅड घ्यावीत आणि मैदानावर तीन-चार फेऱ्यांनंतर एक फेरी संथ मारून ब्रेकांस वारा द्यावा. फेरी संपताच हातब्रेक ओढून गाडी उभी करू नये, कारण तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसते. गाडी गियरमध्ये ठेवावी व चाकाखाली दगड लावावा. तेल मात्र जाण्यापूर्वी आठवडाभरात बदललेलेच हवे. यात तडजोड नाही.

विजेच्या गाड्या घेणाऱ्या सभासदांसाठी थोडे. हुसेनसागरच्या काठी धावलेल्या गाड्यांत वेग कमी करताना मोटारच जनित्र होते आणि वीज साठ्यात परत जाते. शर्यतीत लागणाऱ्या विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक अशी परत मिळते, असे स्पर्धेच्या चालकांचे म्हणणे आहे. घरगुती विजेच्या गाडीतही हाच प्रकार असल्याने पॅड वर्षानुवर्षे झिजत नाहीत, आणि त्यामुळेच मालक निश्चिंत होतो. परंतु न वापरलेली डिस्क गंजते, आणि तेलाची ओल तर वापरावर अवलंबून नसतेच. तीत पॅड झिजले नसले तरी तेलाचा वायदा तोच, दोन वर्षांचा.

घरच्या दोन मोटारी आणि गोदामाच्या दोन पिकअप, अशा चार गाड्यांच्या तारखा आता आम्ही कोणाच्या स्मरणावर सोडीत नाही. दिवाळीस वहीपूजन झाले की नव्या वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखतो : गाडीचा क्रमांक, तेल बदलल्याची तारीख, बाटलीवरील प्रत, आणि पॅडची उरलेली जाडी मिलिमीटरमध्ये. तीन मिलिमीटर उरले की नवी. गेल्या दिवाळीस ते रकाने नातवाने भरले. चालकाने पिकअपचे पॅड स्वतः मोजून आकडे सांगितले, आणि त्यांपैकी एक आकडा दोनचा निघाल्यामुळे पाडव्याच्या दिवशी ती गाडी भाड्यास निघाली नाही.